पाणमांजराच्या पिल्लांची फिर्याद

चोरीची फिर्याद ऐकताना मी सहसा हसत नाही. नोकरीत एकदाच हसलो, आणि त्या हसण्याची आजही शरम वाटते. म्हणून ही हकीकत त्याच सकाळपासून सांगतो. नाव कुणाचंच लिहिणार नाही.

तेव्हा धुळे जिल्ह्यात तापीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी झाली होती, आदल्या दिवसाची स्टेशन डायरी वाचत मी केबिनमध्ये बसलो होतो, तेवढ्यात बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी हशा पिकला. काय चाललंय ते पाहायला बाहेर आलो. बाकावर साठीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. नऊवारीचा काठ ओला, पायांना गाळ, हाताच्या बोटांना जाळ्याच्या दोरीने पडलेले घट्टे. मांडीवर एक गाठोडं घट्ट धरलेलं.

"साहेब," ठाणे अंमलदार हसू आवरत म्हणाला, "या अक्का म्हणतात, दोन लेकरं चोरीला गेली. मी घाबरून अपहरणाचं कलम काढायला लागलो. विचारलं, कुणाची लेकरं? तर म्हणतात, पानमांजरची!"

मलाही हसू फुटलं. अक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आमचं होईपर्यंत त्या थांबल्या.

"हासी ल्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग मनं आयका. त्यासनी माय तीन दिनपाइन नदीमा वरडी राहिनी."

आई तीन दिवसांपासून नदीत ओरडते आहे. हे त्यांनी असं सांगितलं, की हसणारे दोघं-तिघं आपापल्या कामाला लागले. मी त्यांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली.

अक्का मासेमारी करणाऱ्या घरातल्या. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून होडी त्याच वल्हवत, जाळं त्याच टाकत आणि बाजारात मासेही त्याच विकत. त्यांच्या गावाजवळ तापीला उंच मातीचा काठ आहे. तिथे एका करंजाच्या मुळांखाली पाणमांजरांचं बीळ होतं. पाणमांजर, म्हणजे ज्याला पुस्तकात ऊद म्हणतात, तो मांजराच्या जातीचा नाही. लांबट अंगाचा, चपट्या शेपटीचा, नदीत कळपाने राहून मासे खाणारा हा प्राणी. चार दिवसांपूर्वी अक्का होडीतून येत असताना त्यांना काठावर फावडं घेतलेला एक माणूस दिसला होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बीळ खणलेलं, आणि कळप पाण्यात वर-खाली करत ओरडत होता.

मी विचारलं, "अक्का, ही पाणमांजरं तुमची जाळी फाडत नाहीत का?"

"फाडतस ना. मन्हं निम्मं आयुष्य जाळं शिवामा गयं."

"मग ती कमी झाली तर तुमचं बरंच नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. पोलीस अधिकारी असून असा प्रश्न विचारतो, म्हणून बहुधा त्यांना माझी कीव आली असावी. त्यांनी गाठोडं सोडलं आणि आतून एक जाड, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी काढली. तोंडाशी रबर गुंडाळलेलं होतं. बिळापाशी सापडली, म्हणाल्या.

"ह्या पिशवीमा रंगीत मासा इकतस. धुळामा. मी देखेल शे."

मी ती पिशवी हातात घेऊन पाहत राहिलो. धुळ्यातले शोभेचे मासे विकणारे दुकानदार अशाच पिशवीत पाणी भरून, हवा कोंडून मासे देतात. कुठला माल कुठल्या पिशवीत विकला जातो हे त्यांच्या नजरेने टिपलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला घटनास्थळावरून असा नेमका पुरावा जपून आणणारे फिर्यादी फार थोडे भेटले. आणि या बाई सकाळी अंधार असताना निघून आठ किलोमीटर चालत आल्या होत्या.

मी वन विभागाला फोन लावला. तासाभरात वनक्षेत्रपाल आल्या. तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. अक्कांचं सगळं ऐकून घेतल्यावर त्या मला म्हणाल्या, "सर, मोबाईलवर या पिल्लांचे व्हिडिओ फिरतात. टबात पोहताना, माणसाच्या हातातून मासा खाताना. ते पाहून लोकांना पाळायची हौस येते. हा संरक्षित प्राणी आहे, नुसतं घरात ठेवणंही गुन्हा आहे. पण गुन्ह्यापेक्षा मला वेळेची काळजी आहे. आई अजून शोधते आहे तोवरच पिल्लं परत देता येतील. कळपाने हा काठ सोडला, तर पिल्लं सापडूनही उपयोग नाही. मग त्यांचं सगळं आयुष्य पिंजऱ्यात."

"किती दिवस आहेत?"

"नक्की सांगता येत नाही. आठवडा धरा."

त्यातले चार दिवस गेलेलेच होते.

माझा एक हवालदार होता, दिसायला अगदी साधा, कुणाला पोलीस वाटायचा नाही. त्याला साध्या कपड्यांत धुळ्याला पाठवलं. शोभेच्या माशांची दुकानं ती किती? तिसऱ्या दुकानातून त्याने फोन केला. "साहेब, मालकाच्या अंगठ्याला पट्टी आहे. विचारलं तर म्हणतो, काच लागली. पट्टी बदलताना मी पाहिलं. काच दोन्ही बाजूंनी ओळीने लागत नाही."

दुकानदाराला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, गोडबोल्या गृहस्थ होता. पहिला तासभर त्याने मला फिश टँकच्या धंद्यातल्या अडचणी सांगितल्या. मी ऐकत राहिलो. माझा अनुभव असा, की खोटं बोलणाऱ्याला अडवू नये. त्याला बोलू द्यावं, थकू द्यावं. तो थकल्यावर मी ती पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "अंगठ्याचे फोटो काढून घेऊ. डॉक्टर सांगतील दात कुणाचे ते." त्याचा चेहरा उतरला. पिल्लं त्यानेच माणूस लावून काढवली होती. दोन्ही भुसावळच्या एका गिऱ्हाइकाला दिली होती. पण दुकानदाराला आणायला आमची गाडी दुकानासमोर थांबली तेव्हाच त्याने त्या गिऱ्हाइकाला फोन करून सावध केलं होतं, हेही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भुसावळला पोहोचलो. तिथल्या ठाण्याला कळवून दोन पंच घेतले, वनक्षेत्रपाल बाई सोबत होत्याच.

घर एका शांत वसाहतीत होतं. मालक वीजकेंद्रातून निवृत्त झालेले अभियंते. नोकरीचा सगळा काळ दीपनगरच्या वसाहतीत गेला, मग भुसावळात हे घर बांधलं. आजूबाजूचे लोक त्यांना नाना म्हणत. दोन्ही मुलं परदेशी. घरात नाना आणि त्यांच्या पत्नी, दोघंच. दारात तुळस, देवघरात समई, भिंतीवर मुलांच्या पदवीदानाचे फोटो. अशा घरात झडती घ्यायला माझाही पाय जड होतो.

"पाणमांजर?" नाना म्हणाले. "साहेब, तुमची काहीतरी गफलत होते आहे. आमचं शाकाहारी घर. इथे अंडंसुद्धा येत नाही."

झडतीत काही मिळालं नाही. पिंजरा नाही, पिल्लू नाही. मात्र मागच्या न्हाणीघरात गेलो तर फरशी नुकतीच धुतलेली होती, आणि मोरीच्या जाळीत माशाचे दोन खवले अडकलेले होते. मी ते पंचांना दाखवले. नानांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली, पण नवऱ्याविरुद्ध शब्द काढला नाही. मीही त्यांना विचारलं नाही. घरातल्या बाईला नवऱ्यासमोर कात्रीत पकडून मिळवलेली माहिती मला कधीच आवडली नाही.

दिवाणखान्यात बसून नानांची चौकशी सुरू केली. हे गृहस्थ सराईत नव्हते. सराईत माणूस आपल्या डोळ्यांत बघून खोटं बोलतो. नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दहा वाजले, साडेदहा वाजले. आरोपी घड्याळाकडे पाहायला लागला की तो वकिलाची वाट पाहत असतो, नाहीतर साथीदार निसटायची. पण नानांनी वकिलाचं नावही काढलं नव्हतं. अकरा वाजले तसे ते खुर्चीत अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

मला एकदम उमगलं. कुठेतरी ती पिल्लं उपाशी होती, आणि त्यांची खायची वेळ टळत चालली होती.

मी सूर बदलला. वनक्षेत्रपाल बाईंकडे वळून अगदी सहज म्हणालो, "तसं या पिल्लांचं फार काही नसतं म्हणा. मागे एकाने पाळलं होतं, त्याला नुसतं गाईचं दूध पाजायचे. मस्त वाढलं होतं."

"गाईचं दूध?" नाना खुर्चीतून उठलेच. "अहो, मरतात ती त्याने! त्या गाढवाने दुकानात दूधच पाजलं होतं, दोघांनाही हगवण लागलेली. एक माझ्या मांडीवर गेलं, साहेब! दुसऱ्याच दिवशी! मासा वाटून द्यावा लागतो, काटा काढून, कोमट करून, दर चार तासांनी..."

आणि ते थांबले. काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या पत्नी आतून आल्या, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सांगून टाका आता. ते बिचारं सकाळपासून उपाशी आहे."

"साहेब," नाना म्हणाले, "आधी त्याला खायला घालू या. मग काय लिहायचं ते लिहा."

या माणसाने जन्मात माशाला हात लावला नव्हता. तो रोज सकाळी बाजारात जाऊन नाक दाबून मासे आणत होता, न्हाणीघरात बसून हातमोजे घालून काटे काढत होता, कारण स्वयंपाकघरात मासा नेणं पत्नीला चाललं नसतं. पोलीस येणार म्हणून कळल्यावर त्यांनी ते पिल्लू एका मित्राच्या केळीच्या बागेत, पंपाच्या खोलीत ठेवलं होतं.

आम्ही बागेत गेलो. बाहेर मजूर तयार झालेले हिरवे घड कापत होते. पंपाच्या खोलीचं दार उघडलं, नानांनी तोंडाने हलकी शीळ घातली, आणि कोपऱ्यातल्या गोणपाटातून एक तपकिरी लोकरीचा गुंडा बाहेर आला. धावत येऊन नानांच्या पायावर चढला, धोतरात तोंड खुपसून चिवचिवायला लागला. नाना तिथेच मातीत बसले आणि तिथे ठेवलेल्या डब्यातला मासा बोटाने भरवायला लागले.

खरं सांगतो, ते पाहून मी डगमगलो. मनात आलं, हे इथेच सुखात आहे. ज्या नदीत जाळी आहेत, कुत्री आहेत, वाळूचे ट्रॅक्टर आहेत, तिथे याला नेऊन आपण काय साधणार? मी तसं बोलूनही दाखवलं, वनक्षेत्रपाल बाईंना जरा बाजूला घेऊन.

त्या म्हणाल्या, "सर, याला नानांशिवाय दुसरं कुणी उरलेलंच नाही, म्हणून ते त्यांच्यामागे धावतंय. हे नदीत असतं तर आत्ता आठ-दहा जणांच्या घोळक्यात असतं. आई पोहायला शिकवत असती, थोरली भावंडं पाठीवर घेत असती. नाना चांगले आहेत. पण एका माणसाने कितीही जीव लावला तरी तो अख्खा कळप होऊ शकत नाही."

नानांनी हे ऐकलं होतं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आई आहे? मला तर दुकानदाराने सांगितलं, आई जाळ्यात मेली. अनाथ आहेत म्हणून मी घेतली."

"आई जिवंत आहे," मी म्हणालो. "आठवडा होत आला, रोज ओरडते आहे. ज्या जाळ्यात ती मेली असं त्याने सांगितलं ना, तसलंच जाळं टाकणाऱ्या एका बाईने येऊन फिर्याद दिली आहे."

नाना बराच वेळ त्या पिल्लाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "मी विचारायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. "कुठून आणलं, खरंच अनाथ आहे का, एवढं तरी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं, तर उत्तर ऐकावं लागलं असतं."

पंचनामा झाला. मुद्देमालाच्या नोंदवहीत तलवारी आणि चोरीच्या मोटारसायकलींच्या खाली कारकुनाने लिहिलं, 'पाणमांजराचं पिल्लू, नर, एक, जिवंत'. दुसऱ्या पिल्लाला नानांनी घरामागच्या लिंबाखाली पुरलं होतं, त्याचाही पंचनामा करावा लागला. मग न्यायालयात अर्ज दिला, की मुद्देमाल सजीव आहे, तो ठाण्यात ठेवता येत नाही, त्याला आईकडे सोडण्याची परवानगी मिळावी. न्यायाधीशांनी त्याच दिवशी आदेश दिला. नानांनाही जामीन मिळाला.

नदीवर नेलं तेव्हा सातवा दिवस होता. जुन्या बिळाजवळ तारेच्या जाळीचा पिंजरा ठेवला, दाराला लांब दोरी बांधली आणि आम्ही बाभळींच्या आड बसलो. नाना आले होते. त्यांनी विनंती केली होती, मी न्यायालयाला कळवून परवानगी घेतली होती. वनक्षेत्रपाल बाईंनी त्यांना एकच अट घातली. "तुम्ही काहीही झालं तरी आवाज करायचा नाही. ते तुमच्या शिळेला येतं."

पहिल्या सकाळी कुणी आलं नाही. पिल्लू हाका मारून दमलं. दुपारी त्याला गाडीत परत घेतलं, खायला घातलं. दुसऱ्या सकाळीही नदी मोकळीच होती. वनक्षेत्रपाल बाईंचा चेहरा उतरला. कळपाने काठ सोडला, असं त्या हळूच म्हणाल्या.

अक्का तेव्हा होडी बांधत होत्या. त्यांना विचारलं तर त्या काही न बोलता परत होडीत बसल्या आणि वरच्या अंगाला निघून गेल्या. चार तासांनी आल्या. पदरात बांधून आणलेली एक वस्तू त्यांनी उलगडून दाखवली. माशाच्या खवल्यांनी भरलेली, पाणमांजराची ओली विष्ठा होती. आमच्यातल्या एका शिपायाने नाक मुरडलं.

"ताजी शे," अक्का म्हणाल्या. "वरना डोहले, खडकसमा. तठे गयात त्या. पिंजरा तठे लई चला."

सगळ्या अधिकाऱ्यांना, वायरलेसला, जीपगाड्यांना जे कळलं नव्हतं, ते त्यांनी वल्ही मारत शोधून काढलं होतं. त्या दिवशी त्यांनी जाळं टाकलं नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाजारात विकायला मासे नव्हते. हे मला नंतर त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. त्यांनी स्वतः सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडताना पिंजरा वरच्या डोहाशी खडकांत ठेवला. ऊन पाण्यावर आलं तसं पिल्लाने हाक दिली. एकदा, दोनदा. तिसऱ्या हाकेला पलीकडून उत्तर आलं. पाण्यात एक रेघ उमटली, मग दुसरी, आणि बघता बघता पाच-सहा डोकी वर आली. एक पाणमांजर सरळ काठाकडे आली, अर्धी पाण्याबाहेर उभी राहिली आणि पिंजऱ्याकडे बघत अशी ओरडली की अंगावर काटा आला. हवालदाराने दोरी ओढली. दार उघडलं.

पिल्लू बाहेर आलं. पाण्याच्या कडेपर्यंत गेलं आणि थांबलं. मागे वळलं. आम्ही बसलो होतो त्या बाभळींकडे तोंड करून ते चिवचिवायला लागलं. नानांचा वास त्याला आला असावा.

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी गळ्यातलं उपरणं तोंडात कोंबलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खांदे हलत होते, पण तोंडातून आवाज नाही. एक शीळ घातली असती तर ते पिल्लू धावत परत आलं असतं, आणि हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. ज्या माणसावर मी गुन्हा दाखल केला, त्या माणसाचा मला त्या क्षणी मनापासून आदर वाटला.

ती मोठी पाणमांजर बाहेर आली. तिने पिल्लाची मान तोंडात धरली, उचललं, आणि दोघं पाण्यात गेली. डोहाच्या मध्यावर सगळा कळप त्यांच्याभोवती गोळा झाला. थोड्या वेळाने तिथे नुसतं पाणी राहिलं.

अक्का खडकावर उकिडव्या बसल्या होत्या. उठल्या, पदर झटकला, म्हणाल्या, "चला. आते मना जाळाले लागतीन." म्हणजे आता पुन्हा माझ्या जाळ्याच्या मागे लागतील. आणि हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी गेलो. सरकारी निवासस्थानाच्या व्हरांड्यात आमचा पोपट होता. सहा वर्षांपासून होता. आल्या-गेल्याला 'या बसा' म्हणायचा, माझ्या बुटांचा आवाज आला की 'साहेब आले' म्हणायचा. सगळ्या गल्लीला त्याचं कौतुक. मी पिंजऱ्यासमोर उभा राहिलो. पोपट पाळणंही त्याच कायद्याने गुन्हा आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण तो कायदा मी कधी माझ्या व्हरांड्यापर्यंत येऊ दिला नव्हता. एका आठवडी बाजारातून आणला होता. तो कुठल्या ढोलीतून काढला, बरोबरच्या पिल्लांचं काय झालं, हे मी विचारलं नव्हतं. न विचारण्यात नाना आणि मी सारखेच होतो. फरक एवढाच की झडती त्यांच्या घराची झाली.

पत्नीला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीच माझ्याबरोबर गाडीत बसली, पिंजरा मांडीवर घेऊन. वनक्षेत्रपाल बाईंना मी सगळं सांगितलं आणि कायद्याने जे असेल ते करा म्हणालो. त्यांनी रीतसर जबाब घेतला, माझी सही घेतली. पोपटाचे पंख वापराविना दुबळे झाले होते, त्याला उडता येणार नव्हतं. त्याला इतर पोपटांबरोबर मोठ्या जाळीत ठेवलं. तिथे तो 'या बसा' म्हणायचा आणि बाकीचे पोपट त्याच्यापासून लांब सरकायचे, असं ऐकलं. आम्ही केलेल्या कौतुकाची किंमत त्याने तिथेही मोजली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण नानांची गोष्ट सांगून माझी लपवणं योग्य नाही.

खटला उभा राहिला. नानांनी गुन्हा कबूल केला. बचाव केला नाही, वयाचं कारण पुढे केलं नाही, दंड भरला. शिवाय दुकानदाराविरुद्ध त्यांनी सगळं खरं सांगितलं. दुकानदाराने मात्र वकील दिला. त्या वकिलाने अक्कांची उलटतपासणी घेतली. मी मागे बसलो होतो. कोर्टाचा पिंजरा पाहून भलेभले साक्षीदार गडबडतात. अक्का नदीकाठी उभ्या असाव्यात तशा उभ्या होत्या.

वकील म्हणाले, "बाई, ही पाणमांजरं तुमची जाळी फाडतात, तुमचे मासे खातात. खरं की नाही?"

"खरं शे."

"तुम्ही त्यांना शिव्या देता, दगड मारता?"

"शिव्या देस. दगड बी मारस."

"मग अशा प्राण्याची पिल्लं कुणी नेली तर तुम्हाला कशाला वाईट वाटेल? तुम्हाला कुणीतरी पढवून आणलं आहे. हो ना?"

ठाण्यात मी विचारलेला प्रश्न, फक्त काळ्या कोटातून आलेला. मला तेव्हा न मिळालेलं उत्तर त्यांनी न्यायाधीशांकडे वळून दिलं.

"ती मन्हं जाळं फाडस, मी तिले शिव्या देस. ते मन्हं नि तिनं भांडन शे, साहेब. त्यामा लेकरंसनं काय? आनि नदी मन्ही एकलीनी थोडी शे?"

भांडण माझं आणि तिचं आहे, त्यात लेकरांचा काय संबंध, आणि नदी माझ्या एकटीची थोडीच आहे. वकिलांनी कागद चाळले आणि आणखी प्रश्न नाहीत म्हणून सांगितलं. दुकानदाराला आणि बीळ खणणाऱ्याला शिक्षा झाली.

वन्यजीव कायद्याची कलमं मला पाठ होती. अक्कांना त्यातलं एकही ठाऊक नव्हतं, अक्षरओळखही नव्हती. तरी कायदा ज्यासाठी केला ते त्यांना माझ्या कितीतरी आधी कळलेलं होतं. रानातल्या जिवाला पाळणारा प्रत्येक जण दुष्ट असतो असं मी म्हणणार नाही. मी पाहिलेले बहुतेक जण प्रेमळच होते. पण आपल्याला तो आवडतो, एवढ्यावरून तो आपला होत नाही, आणि ज्याच्याशी आपलं रोजचं भांडण आहे त्याच्याही घराला घर मानता येतं, हे दोन धडे मला त्या खटल्याने दिले. पहिला नानांकडून, दुसरा अक्कांकडून.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी त्या दोघांना समोरासमोर पाहिलं. तोवर बराच काळ लोटला होता. नाना थकले होते. अक्कांना त्यांनी हात जोडले आणि अडखळत विचारलं, "अक्का, दिसतं का हो ते कधी?"

"दिसतस ना," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा कळप दिसस. पन तुमनं कोनतं, ते आते वळखू येत नही."

मला वाटलं, नानांना हे लागेल. पण त्यांचा चेहरा उजळला, आणि "बरं झालं, फार बरं झालं," असं दोनदा म्हणून ते पत्नीचा हात धरून एसटी स्टँडच्या दिशेने चालायला लागले.